पहिली माती कोणती घ्यावी? शिल्पकलेच्या साहित्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीबद्दल आहेत: शिल्पकला शिकायची आहे, पण सुरुवात कशात करू? माती, प्लास्टर (ऑफ पॅरिस), दगड, सिमेंट, फायबर, सगळ्यांची नावे पत्रांत आली आहेत. उत्तरे वेगवेगळी असली तरी आमची कसोटी एकच आहे. ज्या साहित्यात चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येते ते आधी, ज्यात ती कायमची राहते ते नंतर.

डोंबिवलीत वन-रूम-किचनमध्ये राहतो. साहित्याची यादी बघितली तर एअर-ड्राय क्ले, पॉलिमर क्ले, ऑइल क्ले, प्लास्टर, सिलिकॉन अशी डझनभर नावे. एकच गोष्ट घ्यायची तर कोणती? – एक वाचक, डोंबिवली

शाडू. पाच किलो कोरडी पावडर, बस. गणपतीच्या आधी दोन-तीन महिने ती लालबाग-परळच्या आसपास आणि उपनगरांतल्या मूर्तिकारांकडेही सहज मिळते. पूर्ण गोणी घेऊ नका. तुमच्या घरात ती ठेवायला जागा नाही आणि पहिल्या वर्षात तुम्हाला ती लागणारही नाही.

पाच किलो पावडरीला साधारण दीड ते दोन लिटर पाणी लागते. हे पाणी पावडरीवर ओतू नका. टबात आधी पाणी घ्या आणि त्यावर पावडर भुरभुरवत जा, म्हणजे कोरड्या गुठळ्या आत अडकत नाहीत. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी जुन्या सुती धोतरावर किंवा चादरीवर काढून घ्या, जास्तीचे पाणी कापड ओढून घेईल. मग पोळ्यांची कणीक मळतो तशी, पण तळहाताच्या टाचेने जोर देऊन, पंधरा-वीस मिनिटे मळा. झाली की नाही हे बघायला करंगळीएवढी जाड वळी करा आणि ती बोटाभोवती गुंडाळा. बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडल्या तर पाणी कमी आहे किंवा मळणे कमी पडले आहे. बोटाला चिकटून राहिली तर पाणी जास्त आहे. चीर न पडता वळली आणि बोट स्वच्छ राहिले की माती कामाला तयार.

हत्यारांवर पैसे घालवू नका. बांबूची एक कोरणी (फणसाची भाजी ढवळायचा जुना लाकडी उलथना चिरूनही होते), दोन टोकांना तारेचे फासे लावलेली एक पट्टी, माती कापायला गिटारची जुनी तार आणि एक स्पंज, एवढ्यावर सहा महिने निघतात. तारेचा फासा मात्र ताठ हवा. मऊ तार मातीत शिरताच वाकते आणि माती कापली जाण्याऐवजी ओढली जाते.

आता महत्त्वाचे. पहिली दहा कामे ठेवायची नाहीत. कांदा, मिरची, आपलाच कान, पायाचा अंगठा, फोटोवरून नव्हे तर समोर ठेवून करा, चारही बाजूंनी बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि मोडून माती पुन्हा डब्यात टाका. एअर-ड्राय क्ले इथेच नापास होते. अर्ध्या किलोचे पाकीट उघडले की ती सुकायला लागते, चूक कळेपर्यंत कडक झालेली असते, आणि तुम्ही त्या महागड्या गोळ्याला जपायला लागता. पॉलिमर क्ले साधारण १३० अंशांवर भाजावी लागते. ती दागिने आणि वीतभर आकृत्यांसाठी चांगली, पण हाताला वजन आणि घडण शिकवत नाही.

कामावरून रात्री नऊला घरी येतो. आठवड्यातून दोनदाच बसायला मिळते. शाडूवर ओले फडके टाकून ठेवतो, तरी दर वेळी नाक-ओठ सुकलेले आणि मागची बाजू चिखल. काय चुकते? – नेरूळ

तुमचे काही चुकत नाही, तुमच्या वेळापत्रकाला ती माती जुळत नाही. तुम्ही ऑइल क्ले घ्या. तिच्यात पाण्याऐवजी तेल आणि मेण असते, म्हणून ती सुकत नाही. आठवड्याने आलात तरी जिथे थांबला होता तिथूनच काम सुरू. मध्यम कडक प्रत घ्या. मऊ प्रत मे महिन्याच्या दुपारी बंद घरात ढिली पडते आणि नाक खाली उतरते. सुरुवातीला हाताला कडक वाटली तर लागेल तेवढेच तुकडे उन्हात दहा मिनिटे ठेवा.

तिचा एक दोष माहीत असू द्या. काही ऑइल क्लेमध्ये गंधक असते आणि त्यावर प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन ओतले तर ते मातीला लागलेल्या थरात चिकट राहते, सेटच होत नाही. पुढे साचा काढायचा विचार असेल तर दुकानात ‘गंधकविरहित’ असे विचारूनच घ्या.

शाडूच चालू ठेवायची असेल तर ओले फडके मातीला थेट लावू नका. कापडातले पाणी उंच भागांवरून उडते आणि खाली साठते, म्हणून नाक सुकते आणि मान चिखल होते. नाक, कान, ओठ यांवर ओलसर पातळ कागद, त्यावर सैल प्लास्टिकची पिशवी, आणि तिचे तोंड पाटाखाली दुमडलेले. थांबताना स्प्रेने अगदी हलका फवारा. पावसाळ्यात तोही नको.

शाडूत बहिणीचा चेहरा केला, जवळजवळ खऱ्या आकाराचा. आतमध्ये लोखंडी सळई आणि तार होती. चौथ्या दिवशी कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला, एक कान गळून पडला. लवकर सुकावे म्हणून पंख्याखाली ठेवला होता. – गिरगाव

दोन कारणे आहेत आणि त्यातले पंख्याचे कारण छोटे आहे.

मोठे कारण सांगाड्याचे. ओल्या मातीतले पाणी गेले की मातीचे कण जवळ येतात आणि माती आकसते. प्रत्येक मातीचे प्रमाण वेगळे, पण फुटाला अर्धा ते एक इंच हे अगदी सामान्य. आतली सळई मात्र तसूभरही आकसत नाही. बाहेरचे कवच लहान होत जाते, आतला खांब तेवढाच राहतो, मग कवचाला फाटण्यावाचून इलाज नसतो. म्हणून हा नियम लिहून भिंतीवर लावा: सांगाड्यावरची माती सुकवायची नसते. ती शेवटपर्यंत ओली ठेवायची, काम पूर्ण झाल्यावर तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा आणि माती खरवडून परत डब्यात टाकायची. घरगुती गणपतीच्या शाडूच्या मूर्तीत सहसा लोखंडी सळई नसते, म्हणून ती सुकवता येते. हातांसारख्या नाजूक भागांत बळ यावे म्हणून मातीत बारीक कातरलेला काथ्या किंवा कापूस मिसळतात आणि बारीक तडे शाडूच्या पातळ राबडीने बुजवतात.

कानाचे म्हणाल तर तो नंतर चिकटवलेला असणार. दोन्ही पृष्ठभाग सुईने आडवे-उभे ओरखडून, मध्ये मातीची दाट राबडी लावून, दाबून हलवत बसवावा लागतो. नुसते पाणी लावून चिकटवलेला कान सुकताना सुटतो, कारण पातळ कान आधी आकसतो आणि जाड डोके मागून. पंख्याने नेमके हेच वाढवले: वाऱ्याकडची बाजू सुकली, दुसरी ओलीच राहिली. सांगाडा नसलेले काम सुकवायचे असेल तर सावलीत, सैल झाकून, रोज पाटाला पाव वळसा देऊन सुकवा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत याला दोन ते तीन आठवडे लागतात. घाई करू नका.

तुटलेले डोके फेकायच्या आधी सळई काढून घ्या. माती पूर्ण सुकली आहे ना? मग ती सोन्यासारखी आहे, तिचे काय करायचे ते शेवटच्या प्रश्नात आहे.

पुढच्या वर्षी कला महाविद्यालयात जायचे आहे. त्याआधी एक व्यक्तिशिल्प नीट करून बघायचे आहे. माती किती लागेल, सांगाडा कसा बांधू? – विद्यार्थिनी, विरार

खऱ्या आकाराचे डोके आत्ता करू नकोस. हनुवटीपासून टाळूपर्यंत मोठ्या माणसाचे डोके साधारण २२–२३ सेंटिमीटर असते आणि मानेसकट त्याला १२ ते १५ किलो ओली माती लागते. तेच १५ सेंटिमीटरचे केलेस तर आकार दोन-तृतीयांश होतो, पण माती दोन-तृतीयांश लागत नाही. लांबी, रुंदी, खोली तिन्ही कमी होतात, त्यामुळे माती जवळजवळ तीस टक्क्यांवर येते, म्हणजे चार ते पाच किलो. एवढे वजन तू एकटी उचलू शकतेस, आणि चुकले तर तासाभरात पुन्हा उभे करू शकतेस.

सांगाडा असा:

पाया म्हणून ३० बाय ३० सेंटिमीटरचा, १९ मिलिमीटर जाडीचा प्लाय. त्याच्याखाली दोन पट्ट्या ठोक, म्हणजे उचलायला बोटे जातात आणि प्लाय ओलीने वाकला तरी डोलत नाही. वरून ऑइल पेंटचे दोन हात दे, नाहीतर प्लाय मातीतले पाणी पिऊन टाकतो. मधोमध फ्लॅन्ज (पाइप उभा धरणारी आट्यांची चकती) स्क्रूने बसवून त्यात अर्ध्या इंची जी.आय., म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा आवळ. साधी लोखंडी सळई गंजून माती पिवळी करते. पाइपच्या वरच्या टोकाला १० गेजच्या ॲल्युमिनियम तारेचे दोन फासे एकमेकांना काटकोनात बांध, उलट्या नासपतीच्या आकाराचे. तार मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात किलोवर मिळते, तुला दीड मीटर पुष्कळ. फाशांच्या आत दोन आइस्क्रीमच्या काड्या फुलीसारख्या बांधून बारीक तारेने लोंबत्या ठेव. त्यांना आम्ही फुलपाखरू म्हणतो. मातीचे वजन तारेवरून घसरू लागले की ते या फुलीवर अडकते. पाइपवर सुतळी गुंडाळ, म्हणजे माती धरून राहते.

एक गोष्ट हमखास चुकते. तार चेहऱ्याच्या पृष्ठभागापासून निदान दोन सेंटिमीटर आत हवी. हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू, या दोनच जागी ती बाहेर डोकावते, कारण नवशिके डोके बाजूने फार अरुंद करतात. आरशात बाजूने बघ: कान डोक्याच्या मध्यावर नाही, त्याच्या किंचित मागे असतो, आणि त्याच्याही मागे बरीच कवटी असते. फासे बांधतानाच मागे जास्त जागा सोड.

वेळ मिळेल तेव्हा जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गणपतराव म्हात्र्यांचे ‘मंदिरपथगामिनी’ बघ. विद्यार्थिदशेत केलेले ते शिल्प प्लास्टरमधले आहे, दगडातले नाही. नेसलेल्या पातळाच्या चुण्या आधी मातीत कशा दाबल्या असतील, ते प्लास्टरमध्येही वाचता येते. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात लहान मातीच्या आकृत्या आहेत, त्याही बघ. दोन वितीत किती मावते ते कळेल.

मुलगा नऊ वर्षांचा. हाताचा ठसा प्लास्टरमध्ये घ्यायचा हट्ट धरून बसला आहे. चालेल का? – पालक, ठाणे

ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवायला कधीही देऊ नका. प्लास्टर सेट होताना तापते, मोठ्या गोळ्यात ते ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते, आणि तोपर्यंत हात आत घट्ट अडकलेला असतो. चामडी भाजते, बोटांना कायमची इजा होऊ शकते. ठसा मातीत घ्या: शाडूची दोन सेंटिमीटर जाड पोळी लाटा, त्यात हात दाबून काढून घ्या, कडेने पुठ्ठ्याची भिंत उभारा आणि त्या मातीत तुम्ही स्वतः प्लास्टर ओता. मुलाने बघावे. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टीही मुलांच्या हातात नको, कडक होण्याआधी ती त्वचेला लागली तर ॲलर्जी होऊ शकते. मोठ्यांनीही हातमोजे घालावेत.

मैदा-मिठाची कणीक चालते, पण पावसाळ्यात तिला बुरशी लागते आणि मुंग्या येतात.

प्लास्टर दोन वेळा फसले. एकदा भांड्यातच दगड झाले, एकदा आठवड्यानंतरही नखाने खरवडता येते. पिशवी तीच. – चेंबूर

पिशवी तीच, म्हणजे दोष बहुतेक मिसळण्यात आणि भांड्यात. वजनाने मोजा: एक लिटर पाण्याला साधारण एक किलो चारशे ग्रॅम प्लास्टर. पाणी आधी, प्लास्टर नंतर. मुठीतून भुरभुरवत संपूर्ण पृष्ठभागावर पसरवत जा, जोपर्यंत पाण्यावर कोरडे बेट उभे राहत नाही. मग हात काढून घ्या आणि एक-दोन मिनिटे नुसते बघत बसा, पावडरीला पाणी पिऊ द्या. त्यानंतर हात तळाशी ठेवून, पृष्ठभागाच्या वर न आणता, मिनिटभर ढवळा. वर आणून फेटले की हवेचे बुडबुडे आत शिरतात. बोटाने रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकली की ओता.

भांड्यात दगड झाले, कारण आधीच्या वेळचे सुकलेले प्लास्टर कडेला चिकटलेले होते. सेट झालेल्या प्लास्टरचा कण नव्या प्लास्टरला बी घालतो, त्याच्याभोवती स्फटिक झपाट्याने वाढतात. म्हणून अर्धा कापलेला रबरी चेंडू वापरा, तो दाबला की सुकलेले सगळे गळून पडते. नखाने खरवडता येते ते दुसरे प्लास्टर घट्ट होऊ लागल्यावर तुम्ही त्यात पाणी घातले असणार. सेट होताना त्यात जी जाळी बांधली जात असते ती तुम्ही मोडली, ती पुन्हा बांधली जात नाही. घट्ट झाले तर टाकून द्या, नवे करा.

जूननंतर उघड्या पिशवीवर भरवसा ठेवू नका. मुंबईच्या हवेतली ओल प्लास्टर खाते. पिशवीतल्या पावडरीत हात घातल्यावर मऊ गुठळ्या लागल्या तर वाटीभर करून बघा. अर्ध्या तासात सेट होऊन नखाला दाद देत नसेल तरच कामाला घ्या.

आणि बेसिनमध्ये हात धुऊ नका. प्लास्टर पाण्याखालीही सेट होते, पाइपात तर खासच. बादलीत धुवा, रात्रभर बसू द्या, वरचे पाणी ओता, खालचा गोळा कचऱ्यात.

घरच्या ओव्हनमध्ये मातीची मूर्ती भाजली, पण पाण्यात ठेवल्यावर विरघळली. मग एका कुंभाराकडे दिलेली दुसरी मूर्ती भट्टीत फुटली. – कल्याण

घरचा ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो. तेवढ्यात माती फक्त कोरडी होते. मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांत निघून जाते, तेव्हाच ती परत चिखल होत नाही. तेवढे तापमान घरात नाही, त्याचा नाद सोडा. माती कुंभाराकडची लाल घ्या, शाडू भाजायला नको.

फुटण्याचे कारण बहुतेक लोक ‘आत हवेचा बुडबुडा होता’ असे सांगतात. हवा नव्हे, पाणी. १०० अंशांला उरलेल्या ओलीची वाफ होते, जाड मातीतून तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती भिंत उडवून देते. म्हणून दोन गोष्टी पाळा. जाडी कुठेही दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. काम चामट झाले की, म्हणजे बोटाने दाबले तर ठसा उमटत नाही पण नखाने कोरले जाते त्या वेळी, तारेने दोन भाग करा, आतली माती फाशाने कोरून काढा, कडा ओरखडून राबडीने जोडा आणि काडेपेटीच्या काडीएवढे भोक तळाशी ठेवा. दुसरे, पूर्ण सुकणे. गालाला लावून बघा. मातीचा स्पर्श हवेपेक्षा थंड लागला तर आत अजून पाणी आहे. मातीचा एक पंचमांश बारीक वाळू किंवा भाजलेल्या विटेची चाळलेली भुकटी मळताना मिसळली तर वाफेला वाटा मिळतात आणि आकसणेही कमी होते.

धारावीच्या कुंभारवाड्यात विचारून पहा. तिथल्या भट्ट्यांत साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत भाजले जाते आणि लहान काम त्यांच्या मालाबरोबर लावले जाऊ शकते. दिवाळीच्या आधीचे दीड-दोन महिने मात्र जाऊ नका, ते पणत्यांत बुडालेले असतात. नेताना मूर्ती पोकळ आहे आणि किती दिवस सुकवली आहे हे स्वतःहून सांगा. तुमची फुटली तर तिच्या ठिकऱ्यांनी शेजारचा मालही जातो, म्हणून कुंभार विचारणारच.

भाजलेल्या मातीत किती पोच आहे हे बघायचे असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातली मीरपूर खासची बुद्धशिल्पे बघा. दीड हजार वर्षांपूर्वीचे ते काम टेराकोटाचेच आहे.

घारापुरी बघून आल्यापासून दगडाचे वेड लागले आहे. वय ६३, दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची वापरायची परवानगी आहे. – निवृत्त वाचक

घारापुरीचा दगड बेसॉल्ट. तो हातोडीला दाद देत नाही, त्याला कार्बाइडच्या टोकाची छिन्नी लागते आणि मनगटांची वर्षानुवर्षांची तयारी. तिथून सुरुवात नको.

पहिला दगड म्हणून सिपोरेक्सचा ब्लॉक घ्या, बांधकामात वापरतात तो हलका, सच्छिद्र काँक्रीटचा. २४ बाय ८ बाय ४ इंचाचा एक ब्लॉक कोरडा असताना सात-आठ किलोचा असतो. करवतीने त्याचे आठ-आठ इंचाचे तीन तुकडे करा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये तीन प्रयत्न. जुनी करवत, कानस आणि चमचा एवढ्यावर तो कोरला जातो. समोरून आणि बाजूने दोन्ही आकृत्या ब्लॉकवर काढा, आधी समोरची बाह्यरेषा करवतीने सरळ आरपार कापा, मग बाजूची, आणि त्यानंतरच गोलाई. नवशिके लगेच डोळे कोरायला घेतात आणि मग डोळ्यांभोवती डोके बसवत बसतात. बोटापेक्षा बारीक भाग ठेवू नका. आत सगळा बुडबुड्यांचा पोत आहे, तो तुटणारच.

धूळ मात्र हलकी घेऊ नका. सिपोरेक्सच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही. ब्लॉक बादलीत भिजवून ओलाच कोरा, एन-९५ मास्क लावा, गच्ची झाडू नका, पाण्याने धुवा, आणि गाळ पन्हळीत जाऊ देऊ नका. ओला कोरला तर आवाजही कमी होतो आणि खालच्या मजल्यावरचे कुरकुरत नाहीत.

तीन-चार ब्लॉक संपवल्यावर शंखजिरे (सोपस्टोन, मऊ दगड) घ्या, तीन-चार किलोचा खडा. घेताना तो पाण्याने भिजवा आणि सुकू द्या: तडा असेल तर बाकी दगड सुकल्यावरही त्या जागी काळी ओली रेघ राहते. मग टोका. टणत्कार आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत फट आहे. काही खाणींच्या शंखजिऱ्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असू शकतात, म्हणून इथेही ओलेच काम आणि मास्क. पॉलिशपेपर १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने, पाण्याखाली धरून. मधला नंबर गाळलात तर आधीचे ओरखडे मेण लावल्यावर उठून दिसतात.

करमरकरांची सिमेंटची शिल्पे बघून विचारतो: सिमेंट थेट वापरता येईल का? – अलिबाग

येते, पण दुसऱ्या वर्षी. विनायकराव करमरकरांचे (१८९१–१९६७) सासवण्याचे घर तुमच्या जवळच आहे, तिथे सिमेंटच्या पृष्ठभागाला किती प्रकारे बोलते करता येते ते निरखून या. थेट कामासाठी सळई आणि कोंबडीच्या जाळीचा सांगाडा, एका भाग सिमेंटला तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू, पाणी अगदी बेताचे. मूठ दाबली तर गोळा राहावा, पाणी सुटू नये. समुद्राची वाळू नको, मिठाने सळई गंजते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कवच फुगून निघते. एका वेळी एक सेंटिमीटर थर, आणि काम झाल्यावर सात दिवस ओले गोणपाट. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाणी धरून घट्ट होते. उन्हात सुकवले तर ते भुसभुशीत राहते. हातमोजे सक्तीचे, ओले सिमेंट त्वचा जाळते.

फायबरचे काम घरी शिकता येईल का? – बोरिवली

नाही. फायबरच्या कामात काचतंतूंवर चढवायच्या पॉलिएस्टर रेझिनच्या वाफा बंद खोलीत घातक आणि ज्वालाग्राही असतात, आणि त्यातले हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत मिसळले गेले तर स्फोट होतो. हे काम ज्याच्याकडे मोकळी शेड आणि अनुभव आहे त्याच्या हाताखालीच शिका.

डब्यातली माती दोन महिने बघितली नाही. आता वास येतो आणि काळे डाग पडले आहेत. काही गोळे दगड झालेत, काही अर्धवट. फेकू? – मुलुंड

फेकू नका. वास आणि काळे डाग जिवाणूंचे आहेत, आणि मुरलेली माती नव्या मातीपेक्षा जास्त लवचीक होते. हवा लागली की डाग उडतात. वर पांढरी केसाळ बुरशी असेल तर मास्क लावून तेवढी खरवडून टाका, दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

कडक गोळे हातोडीने अक्रोडाएवढे फोडा आणि भरपूर पाण्यात सोडा. पूर्ण सुकलेला खडा पाण्यात टाकला की फसफसतो, कडेच्या पापड्या सुटतात आणि पंधरा-वीस मिनिटांत तो ढासळून लगदा होतो. आतली कोरडी छिद्रे पाणी झपाट्याने ओढतात आणि अडकलेली हवा खडा आतून फोडते. अर्धवट ओला गोळा मात्र चार दिवस पाण्यात तसाच बसून राहतो, कारण त्याची छिद्रे आधीच भरलेली असतात. म्हणून अर्धवट गोळे आधी उन्हात पूर्ण सुकवा, मग भिजवा. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी अलगद काढून टाका, हात घालून ढवळू नका, आणि खालचा लगदा कापडावर पसरवून मळा.

साच्याच्या प्लास्टरचे कण मिसळलेली माती वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा. ती सरावाला चालते, भाजायला अजिबात नाही. भट्टीनंतर ते कण हवेतली ओल ओढून फुगतात आणि वरचा पापुद्रा उडवतात.